उधव्याच्या रस्त्यावर सहा लाल सायकली

डहाणू

साताऱ्यातल्या मुलींच्या शाळेत मी चौतीस वर्षं खेळ शिकवले. निवृत्त झाल्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा सात-आठ बायकांचा गट जमला, आणि फिरता फिरता काहीतरी उपयोगाचं करावं असं ठरत गेलं. तलासरी तालुक्यात मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेची माहिती मिळाली. तिथल्या पाड्यांवर शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी उधव्याला जावं लागतं, आणि रोज एवढं चालायचं म्हणून पुष्कळ मुलींची शाळा सातवीलाच संपते. आम्ही सायकली द्यायचं ठरवलं. २०१७च्या पावसाळ्याआधी सहा लाल सायकली तिकडे पोचल्या. मुलींचा सायकलींसोबतचा फोटो आला. आमच्या सगळ्यांच्या फोनवर तो फिरला, नातेवाइकांनी शाबासकीचे अंगठे पाठवले. सहाही मुली हँडल धरून शेजारी उभ्या होत्या, सायकलवर एकही बसलेली नव्हती, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

डिसेंबरात मी एकटीच तिकडे गेले. चार दिवसांत परत येते, असं घरी सांगून निघाले होते.

पहिला मुक्काम डहाणूला. माझ्या एका सहशिक्षिकेची भावजय, मालतीवहिनी, तिथे राहतात. त्यांची चिकूची वाडी आहे. आमच्याकडे चिकू म्हणजे हातगाडीवरचं फळ. तो झाडावर पिकतच नाही, लांब काठीच्या जाळीने कच्चाच उतरवायचा, वरचा भुसा धुऊन टाकायचा आणि मग घरात पिकत घालायचा, हे मला साठी उलटल्यावर कळलं. बोंबलाचंही तेच. मी जन्मभर सुकेच खाल्ले होते. वहिनींनी केलेल्या ओल्या बोंबलाच्या कालवणात काटासुद्धा हाताला लागेना.

"तलासरीकडे काय बघणार तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"सायकली," मी म्हटलं, आणि सगळी हकीकत सांगितली.

"चांगलं केलंत. तिकडच्या बायका येतात आमच्याकडे चिकू उतरवायला. मुलीही येतात आयांबरोबर."

"शाळेच्या वयाच्या?"

वहिनींनी माझ्या ताटात आणखी भात वाढला. "येतात," त्या म्हणाल्या. "आम्ही विचारत नाही वय."

मी त्यांच्या घरात जेवत होते आणि जेवण फार चांगलं होतं. मीही पुढे विचारलं नाही.

तलासरी

दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने तलासरीच्या नाक्यावर उतरले. मुंबई-अहमदाबाद हमरस्ता गावाला खेटून जातो, त्यामुळे ट्रकची घरघर सतत कानावर. निम्म्या पाट्या गुजरातीत. चहावाला एका गिऱ्हाइकाशी गुजरातीत, दुसऱ्याशी हिंदीत आणि माझ्याशी मराठीत बोलला, आणि हे सगळं एकाच चहाच्या उकळीत.

संस्थेच्या कार्यकर्त्या रेखाताई मला घ्यायला आल्या होत्या. तिशीच्या असतील. इथल्याच पाड्यावर वाढलेल्या, बारावी झालेल्या. मुलींचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग त्या चालवतात. फोनवर त्या भरभरून बोलायच्या. आज मात्र त्यांचं काहीतरी बिनसल्यासारखं वाटत होतं. रस्त्याकडेला एक माणूस उबाडियू विकत होता: मडक्यात पापडी, कंद आणि रताळी भरायची, हिरव्या पाल्याने तोंड बंद करायचं, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. पानावर घेतलेलं ते गरम रताळं खाताना मला आमच्याकडची हुरड्याची शेतं आठवली. रेखाताईंनी दोनच घास खाल्ले.

पाड्यावर जाईपर्यंत चार वाजले. अभ्यासवर्गाच्या खोलीत, भिंतीशी, जुन्या चादरीखाली सहा सायकली ओळीने उभ्या होत्या. मी चादर उचलली. सीटवरचं प्लॅस्टिक तसंच. मडगार्डवर ओरखडा नाही. टायरच्या नव्या रबराचा वास अजून येत होता.

"रेखाताई, मुली वापरत नाहीत या?"

त्या चादरीची घडी घालायला लागल्या. "बाई, खरं सांगू का? त्यांना चालवता येत नाही. इथे पोरींच्या हातात सायकल कधी आलीच नाही. येतात, पुसतात, घंटी वाजवतात आणि चालत शाळेत जातात."

"मग सांगायचं ना आम्हाला!"

"पोरी म्हणाल्या, सांगितलं तर परत नेतील. आणि शिकवणार कोण? मलाही येत नाही."

मला आधी राग आला. तो रेखाताईंवर फार वेळ टिकला नाही. चौतीस वर्षं प्रत्येक नव्या वर्गासमोर उभी राहून माझा पहिला प्रश्न असायचा, "यातलं कुणाला काय येतं?" आणि इथे सहा सायकली पाठवताना तो एक प्रश्न विचारायला मी विसरले होते. दुकानदाराने सीटसुद्धा माझ्या उंचीच्या बाईला लागेल इतकी वर कसून दिली होती.

घरी फोन केला. "चार दिवसांत नाही यायची," म्हटलं. मुलाने विचारलं, "आजारी आहेस का?" म्हटलं, "नाही. तास घ्यायचा आहे."

पाड्यावर

मी रेखाताईंकडे राहिले. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली गार जमीन, दारात वाल वाळत घातलेला. सकाळी तांदळाची भाकरी आणि उडदाची आमटी. मला ज्वारीची भाकरी डोळे मिटून थापता येते, म्हणून ऐटीत चुलीशी बसले. तांदळाच्या पिठाने माझी सगळी ऐट उतरवली. पहिली भाकरी तव्यावर जाताना तीन तुकडे झाली. रेखाताईंच्या सासूबाईंनी परात आपल्याकडे ओढली.

तलासरीच्या सायकलवाल्याकडून पाना मागून आणला होता. "हा एकच आहे, बेन," तो बजावून म्हणाला होता, "परत नाय आला तर माझं दुकान बंद." गुरुवारी सकाळी सात वाजता मी सगळ्या सीट खाली घेतल्या. पाच मुली आल्या. घरात त्यांची बोली वेगळी. माझ्याशी त्या शाळेतलं मराठी बोलायच्या, तेही विचारल्याशिवाय नाही. सपाट जागा म्हणजे खळं, पण तिथे भाताचे भारे रचलेले. शेतात धसकटं. शेवटी रस्त्याकडे उतरणारी गाडीवाट निवडली.

"पायडलला पाय लावायचा नाही," मी सांगितलं. "दोन्ही पाय जमिनीवर. नुसतं ढकलत उताराने यायचं. असं." आणि पदर खोचून मी सायकलवर बसले. उतार झकास पार केला. खाली वळताना चाक गाडीच्या चाकोरीत अडकलं आणि मी सायकलीसकट बांधावरून शेतात.

मग मी केसांतलं गवत काढत म्हटलं, "हे असं पडायचं." त्या अशा हसल्या की एक तर खालीच बसली. तिथून पुढे त्या माझ्याशी बोलायला लागल्या. कोपर चार दिवस ठणकत होतं, पण तासाला सुरुवात यापेक्षा चांगली करता आली नसती.

दोन तासांनी पाचजणी पाय उचलून उतारावरून येत होत्या. सहावी सायकल तशीच उभी होती.

"ही वनिताची," रेखाताई म्हणाल्या. "दिवाळीपासून ती शाळेत नाही. तिचा पाडा ओढ्यापलीकडे, इथून आणखी दोन किलोमीटर. भाताची झोडणी झाली की आईबरोबर वाणगावला जाईल, मिरची तोडायला. बाप नाही. वाडीतच झोपडं देतात, उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहतात."

ओढ्यापलीकडे

त्याच दिवशी आम्ही तिकडे गेलो. वनिताची आई जानकी खळ्यात भाताचे भारे फळीवर झोडत होती, वनिता पेंढा बाजूला रचत होती. तेरा वर्षांची, उंच, सडपातळ पोर. आम्हाला बघून ती पेंढ्यामागे गेली.

मी बोलायला लागले. शिक्षण, पुढचं आयुष्य, मुलीने स्वतःच्या पायावर उभं राहणं. शाळेच्या मैदानावरचा माझा आवाज मलाच ऐकू येत होता. जानकीने भारा खाली ठेवला.

"शाळा वाईट असं मी म्हटलं का, बाई?"

"नाही, पण..."

"शाळा पाचला सुटते. ह्या पाड्यावरनं ही एकटीच. घरी येते तेव्हा काळोख. ओढ्याच्या पलीकडं झाडी हाय. इथं असते तेव्हा मी बांधावर जाऊन उभी राहते. आता मी वाणगावला गेले तर कोण उभं राहील?" तिने कपाळावरचं कुसळ काढलं. "तुम्ही चाललाय का ती वाट?"

मी चालले नव्हते. रेखाताईंच्या नवऱ्याने आम्हाला मोटारसायकलवरून आणून सोडलं होतं.

"उद्या चालते," मी म्हटलं. "वनिताला पाठवाल माझ्याबरोबर?"

जानकीने माझ्या पायांकडे बघितलं, वहाणांकडे बघितलं. "जा," ती म्हणाली.

उधवा

शुक्रवारी सकाळी नऊला वनिताच्या घरून आम्ही दोघी निघालो. वनिता पुढे, मी मागे. पहिला अर्धा तास ती झपाझप चालत होती. मग एकदम म्हणाली, "बाई, ती सायकल बिजीला, दुसऱ्या पोरीला द्या. मी जाणारच हाय."

"तुला जायचंय?"

ती चालत राहिली. पुष्कळ पुढे गेल्यावर म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी फळ्यावर एक गणित घातलं होतं. अर्धं झालं आन् घंटा झाली. पुढं कसं केलं ते मला माहीत नाय."

उधव्याला पोचलो तेव्हा प्रार्थना सुरू झाली होती. आठ किलोमीटर, जवळजवळ दोन तास. माझे गुडघे बोलायला लागले होते. मुख्याध्यापक साधे गृहस्थ होते. त्यांनी हजेरी काढून दाखवली. "नाव अजून पटावर आहे. नियमित येणार असेल तर आजही बसू दे." मी वळून बघितलं तर वनिता आधीच आठवीच्या दारात पोचली होती.

मी दिवसभर शाळेबाहेरच्या झाडाखाली बसले. जीपने परत जाता आलं असतं. पण परतीची वाट न चालता जानकीसमोर जायची माझी हिंमत नव्हती. पाच वाजता आम्ही निघालो. इतर मुली रेखाताईंच्या पाड्यापाशी थांबल्या. पुढे आम्ही दोघीच. झाडीत शिरलो तेव्हा सहा वाजून गेले होते आणि पायाखालचं दिसत नव्हतं. बाजूच्या पाल्यात काहीतरी सळसळलं. मी, जिने दोन पिढ्यांच्या मुलींना "घाबरायचं नाही" असं ओरडून सांगितलं, जागच्या जागी थिजले. वनिताने माझा हात धरला. "सरडा असंल," ती म्हणाली. तिचा हातही गार होता.

ओढ्यावरच्या फरशी-पुलापलीकडे, बांधावर, जानकी उभी होती.

"तुमचं बरोबर आहे," मी तिला म्हटलं. "मी तिची आई असते तर मीही नसती पाठवली."

तिने मला ओट्यावर बसवलं, चुलीवरचं गरम पाणी घमेल्यात ओतून माझे पाय त्यात ठेवले. साताऱ्यात माझ्या सुनेनेही कधी हे केलं नव्हतं, आणि मी करू दिलं नसतं. मीठ टाकलेल्या त्या पाण्यात पाय सोडून मी हिशेब सांगितला: सायकलवर पाऊण तास. पाचला सुटली की पावणेसहाला घरी, उजेडात.

"येईल तिला?"

"झोडणी कधी संपते तुमची?"

"पुढल्या सोमवारी निघायचं हाय."

"मग मला तोवर द्या."

जानकी वनिताकडे वळून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. वनिता हसली. मी ते हसणं पहिल्यांदा बघत होते. काय म्हणालात, मी विचारलं. "म्हटलं," जानकी म्हणाली, "बाईंना चालायला लावलंस, आता तू पळ."

पुन्हा पाड्यावर

पुढचे आठ-नऊ दिवस फार सुखाचे गेले. सकाळी सात ते नऊ तास, मग मुली शाळेत. मी दुपारभर सासूबाईंच्या हाताखाली भाकरी शिकायची. चौथ्या दिवशी माझी भाकरी अखंड उतरली, तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या ताटात घेतली. दोन मुलींना पायडल मारणं तिसऱ्याच दिवशी जमलं. एक भाताच्या भाऱ्यांच्या उडवीत घुसली आणि बाहेर यायला तयार होईना, इतकी हसत होती. एकीची चेन रोज पडायची, शेवटी ती स्वतःच न बघता बसवायला शिकली.

वनिता सगळ्यांत शेवटी. ती चाकाकडे बघायची. "समोर बघ," मी ओरडायचे. "चाक कुठे जात नाही, ते तुझ्याबरोबरच आहे." ती पडायची, उठायची, चाकाकडेच बघायची. बुधवारी मला वाटलं, हे नाही जमायचं. मी जानकीला शब्द देऊन बसले होते, आणि ती पोर रस्त्यावर एकटी, ट्रकसमोर चाकाकडे बघत असेल, हेच डोळ्यांसमोर येत राहिलं. गुरुवारी मी ओरडणं थांबवलं आणि उताराच्या टोकाला उभी राहून म्हटलं, "सरांनी ते गणित पुढे कसं सोडवलं, सांग मला." तिने सायकल सोडली आणि सांगायला लागली. दोन्ही बाजू, अपूर्णांक, छेद. मला गणितातलं काही कळत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत, बोलत बोलत, पायडल मारत माझ्या शेजारून पुढे निघून गेली आणि मग ब्रेक आठवेना म्हणून कुंपणात थांबली.

रविवारी दुपारी जानकी आली. हातातला विळा बांधावर ठेवून पाऊणएक तास नुसती बघत बसली. मग उठून वनिताच्या सायकलपाशी गेली आणि कॅरियरवर एका बाजूला पाय सोडून बसली.

"चल."

"आये, पाडीन मी."

"चल म्हणते ना."

सायकल डगमगली. मी डोळे मिटून घेतले असते, पण सवय नव्हती. दोघी उताराने खाली गेल्या, डांबरी रस्त्याला लागल्या, थोड्या अंतरावर करकचून थांबल्या. जानकी उतरली, लुगडं झटकलं आणि चालत परत आली.

"ब्रेक लागतो का ते बघायचं होतं," ती म्हणाली. मग रेखाताईंना म्हणाली, "मी एकटी जाते वाणगावला. ही काकीकडं राहील. पण पावसात ओढा फरशीवरनं जातो, तेव्हा?"

रेखाताई म्हणाल्या, "पावसाचे चार महिने माझ्या घरी. आमच्यात एक ताट जास्तीचं."

जानकीने विळा उचलला. होकार असा दिलाच नाही, पण जाताना वनिताच्या सीटवरचं फाटकं प्लॅस्टिक तिने ओढून काढलं.

सोमवार

साडेनऊला सहाजणी निघाल्या. मी रेखाताईंच्या नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून त्यांच्या पाठोपाठ. "डावीकडून! डावीकडून!" मी ओरडत होते. एका ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं, खडी पसरलेली. वनिताचं चाक घसरलं आणि ती गुडघ्यावर पडली. आम्ही हॉर्न वाजवत पोचेपर्यंत ती उठून हँडल सरळ करत होती. गुडघ्यावर रक्ताचा ठिपका.

"लागलं का? थांब, मी..."

"बाई," ती म्हणाली. रागावलेली नव्हती, पण शब्द पक्के होते. "तुम्ही मागनं येऊ नका. हॉर्न वाजला की आम्ही घाबरतो."

बाकीच्या पाचजणींनी माना डोलावल्या. मग त्या सगळ्या निघाल्या. वळणावर सहावा लाल ठिपका गेला आणि रस्ता रिकामा झाला. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. रेखाताईंचा नवरा भला माणूस. तो दुसरीकडे बघत राहिला.

परत येऊन मी पिशवी भरली. सासूबाईंनी वालाची पुडी आणि चार भाकऱ्या बांधून दिल्या. बाराच्या जीपला जानकी उभी होती, डोक्यावर गाठोडं, हातात दोन भांडी. तलासरीपर्यंत आमची वाट एकच. ती माझ्याशेजारी दाटीवाटीने बसली.

"नीट गेली?"

"गेली. वाटेत खडीवर पडली. उठली आणि मलाच परत पाठवलं."

"तशीच हाय ती," जानकी म्हणाली, आणि बाहेर बघायला लागली.

उधव्यात जीप शाळेवरून जाते. शाळा दिसायला लागली तशी ती ड्रायव्हरला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि त्याने गाडी हळू केली. मैदान रिकामं होतं, वर्ग भरलेले. आतली एकही मुलगी रस्त्यावरून दिसत नव्हती. शाळेच्या भिंतीला टेकून सायकली उभ्या होत्या. जानकी खिडकीतून निम्मी बाहेर झुकली आणि बोटाने एक-एक मोजत गेली.

"सहा," ती म्हणाली. मग आत सरकून गाठोडं मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर थाप मारली. "चल आता."